नगिनाचं ठाण

संत तुकाराम नगर, पिंपरी
रविवार, ११ नोव्हेंबर १९७९

आब्बांना इकबालचा सलाम.

उद्धवराव, तुम्हालाही नमस्कार. तीन वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून चष्मा पुसत बसू नका, वाचायला लागा. तुम्ही पोस्टातून निवृत्त झालात, पण खेडच्या टांगा स्टँडला पत्रं अजून तुमच्याच आवाजात ऐकायची सवय आहे. आब्बांना अक्षर येत नाही, त्यामुळे त्यांना लिहायचं म्हणजे अख्ख्या स्टँडला लिहायचं. तर लिंबाखाली जे कोणी कान टवकारून उभे असतील त्यांनाही सलाम.

आब्बा, कामासाठी लिहितो आहे. दुसरं कारण नाही.

चाकणच्या पुढे, भामेच्या काठावर, एका ट्रस्टने बारा एकर माळ घेतला आहे. कारखान्यात यंत्रावर ज्यांचा हात गेला, पाय गेला, पाठ मोडली, अशा कामगारांना दवाखान्यातून सुटल्यावर काही महिने राहायला तिथे जागा करायची आहे. डॉ. प्रभावती नावाच्या बाई यामागे आहेत. विलायतेत शिकून आल्या. तिकडे म्हणे लुळ्या पडलेल्या माणसांना घोड्यावर बसवतात आणि घोड्याच्या चालीबरोबर माणसाचं अंगही हळूहळू चालायला लागतं. त्याचा नकाशा आमच्या ऑफिसात आला तेव्हा साहेब हसले. मीही हसलो. मग बाई आम्हाला माळ दाखवायला घेऊन गेल्या.

पिंपरीत आमच्या खोलीतल्या फडताळात कपबशा दिवसरात्र किणकिणत असतात. मागच्या गल्लीत वर्कशॉप आहे, प्रेसचा ठोका पडला की भिंत हलते. मला वाटायचं, याची सवय झाली. त्या माळावर उभा राहिलो आणि कळलं, की सवय झालेली नव्हती, नुसता दात आवळून बसलो होतो. समोर भामचंद्राचा डोंगर, खाली नदी, आणि कुणाची तरी म्हैस गवत तोडून खात होती. त्या तोडण्याचा आवाज पन्नास पावलांवरून ऐकू येत होता. साहेब टेप धर म्हणून ओरडत होते आणि मी नुसता उभा.

नकाशा काढायचं काम मला दिलं आहे. मी ड्राफ्ट्समन आहे म्हणून नाही, तसे ऑफिसात चौघे आहेत. नोकरीच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी टांगा लिहिलं होतं, ते साहेबांनी शोधून काढलं. आता सगळे मला पागेचे इंजिनिअर म्हणतात. म्हणोत.

विचारायचं एवढंच, की एका घोड्याला उभं राहायला आणि बसायला जागा किती लागते? गव्हाण किती उंच? खाली फरशी की माती? पुस्तकात आहे सगळं, पण ते विलायती घोड्यांचं.

रहिमान ठीक आहे. कामात असतो, म्हणून लिहीत नाही.

तुम्ही म्हणाला होतात, धाकट्याच्या हातात लगाम शोभतो, त्याला मशीनवर नेऊ नको. मी नेला. आम्ही एसटीत बसलो तेव्हा तुम्ही पाठ फिरवून आपल्या घोडीला, नगिनाला, खरारा करत होतात. ते मी विसरलेलो नाही. तुम्हीही नसाल. पण हा कामाचा प्रश्न आहे.

नगिना कशी आहे?

तुमचा
इकबाल


पिंपरी
रविवार, २ डिसेंबर १९७९

आब्बांना सलाम.

कार्ड मिळालं. उद्धवरावांनी तुमचे शब्द जसेच्या तसे उतरवले आहेत, वाचताना तुम्ही समोर बसून बिडी विझवताय असं वाटलं. 'घोड्याला अंग टाकून लोळता आलं पायजे एवढी जागा. गव्हाण छातीइतकी. खाली माती, फरशीवर पाय सरकतो. वारा वरनं जाऊ दे, अंगावर नको. घोडं एकटं बांदू नको.' साहेबांनी कार्ड दोनदा वाचलं आणि माझ्या पुस्तकाची चाळीस पानं मिटून ठेवली.

फक्त शेवटचं जमणार नाही. माश्या असतात, वास असतो. पुस्तकात पागा खोल्यांपासून दीडशे फूट लांब ठेवायला सांगितली आहे, तशी मी मागच्या बाजूला ठेवली आहे. पुढे बारा खोल्या, एका ओळीत, आणि प्रत्येक पलंगावरून खिडकीत डोंगर दिसेल अशा. मी स्वतः माळावर आडवा पडून नजरेची रेघ धरली. पहाटे डोंगरावर उजेड कसा उतरतो ते बघायला दोनदा तिथे राहिलो. आधी फक्त माथा पेटतो, मग सोंडा, मग एकदम सगळा. मोडक्या माणसाने डोळे उघडावेत आणि हे दिसावं, एवढंच माझ्या मनात आहे. घोड्याला काय, चारा मिळाल्याशी कारण.

कार्डाच्या शेवटी तुम्ही लिहायला लावलंत, रहिमानच्या हातच्या दोन ओळी पाठव. त्याला आता दिवसपाळी मिळाली आहे, घाईत असतो. तरी बसवून लिहून घेतल्या.

'आब्बा, मी मजेत आहे. काळजी करू नका. रहिमान.'

तुमचा
इकबाल


पिंपरी
रविवार, २३ डिसेंबर १९७९

उद्धवराव, हे पत्र स्टँडवर वाचू नका. आब्बांना घरी घेऊन जा, दार लावा आणि हळू आवाजात वाचा. तुमच्या पाया पडतो.

आब्बा, तुमचं कार्ड आलं. त्यावर एकच ओळ. 'हे अक्शर रहिमानचं न्हाई.' खाली उद्धवरावांनी आपल्या मनाने लिहिलं आहे, की तुम्ही कागद उलटा केलात, डोळे मिटून मागच्या बाजूने बोट फिरवलंत, आणि कागद परत दिलात.

रहिमान पेन्सिल एवढी दाबतो की अक्षरं मागे उठतात. त्यासाठी त्याने मास्तरांच्या छड्या खाल्ल्या. मी त्याच्या शेजारी बसून सात वर्षं अभ्यास केला आणि मला ते आठवलं नाही. ज्यांना एक अक्षर वाचता येत नाही, त्यांनी माझी लबाडी बोटाने वाचली. कार्ड हातात घेऊन मी किती वेळ जिन्यात बसलो होतो, देव जाणे. लाज वाटली, आणि तुमच्या बोटांचं नवल वाटलं. दोन्ही एकदम.

मग ऐका. ऑगस्टच्या नऊ तारखेला रहिमानच्या उजव्या हाताची चार बोटं प्रेसखाली गेली. अंगठा राहिला. वर्कशॉप लहान आहे, नाव लिहून काय उपयोग. त्या दिवशी त्याची पाळी संपली होती, अंगात कणकण होती, घरी येतो म्हणत होता. ओव्हरटाइम करून ये, असं मी सांगितलं. मी, आब्बा. दुसऱ्या कुणी नाही.

दवाखान्यातून आल्यापासून तो माझ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसतो. हात टॉवेलात गुंडाळलेला असतो, तो कुणाला बघू देत नाही. भरवलं तर चार घास खातो. बोलत नाही. चार महिन्यांत एक शब्द नाही. डॉक्टर म्हणतात, घशाला काही झालेलं नाही.

माळावर जानेवारीत पत्र्याच्या तीन खोल्या आणि एक पागा उभी राहते आहे. तिघांना तिथे ठेवून बघायचं, त्यात प्रभावतीबाईंनी रहिमानचं नाव घातलं आहे. मार्चमध्ये ट्रस्टची माणसं येतील. काही फरक दिसला तर पुढचं बांधकाम होईल, नाही तर माळ विकून मोकळे होतील. बारा खोल्या झाल्या काय आणि न झाल्या काय, मला आता एकच दिसतं. तिथेही तो बोलला नाही तर तो पुन्हा बोलणार नाही, असं माझ्या मनाने घेतलं आहे.

मी दर रविवारी तिथे जाणार आहे. बाई घोडा शोधताहेत. तुमच्याकडे मागायला मी हे लिहीत नाही.

इकबाल


पिंपरी
रविवार, २० जानेवारी १९८०

आब्बा, तुम्ही मुद्दाम मंगळवारी आलात. मी रविवारी असतो हे लिहून कळवलं होतं ना!

काय झालं ते मला भिवाने सांगितलं. भिवा काळेवाडीचा, ट्रॉलीखाली पाय गेलेला. कुबडीवर थांबत थांबत चालतो, पण तोंड थांबत नाही. त्याच्याच शब्दांत लिहितो. 'म्हातारं खेडवरनं टांगा हाकत आलं. घोडी सोडली, तिच्या मानंवर हात फिरीवला आन तुज्या भावापुढं मातीत बसलं. हात दाव म्हनलं. ह्यानं टावेल काय सोडला न्हाई. म्हातारं बी उठलं न्हाई. ऊन डोक्यावर आलं तरी दोगं तसंच. मंग म्हातारं उठलं, घोडी आता तुजी म्हनलं, आन सडकंला जाऊन यष्टीत बसलं. आमी च्या ठिवलाता, त्यो बी न्हाई घेतला.'

टांगा ठेवून गेलात. चौदा वर्षं रोज ज्या घोडीचं तोंड बघून दिवस सुरू केलात, ती ठेवून गेलात. आणि चहासुद्धा घेतला नाही. तुमच्यावर रागवावं की तुमचे पाय धरावेत, मला कळेना.

पण खरं सांगायचं आहे ते पुढे.

नगिनाला मी काढलेल्या पागेत बांधली होती. माती, उजेड, वरून वारा, छातीएवढी गव्हाण, खोल्यांपासून दीडशे फूट. तिने चंदीच्या दाण्याला तोंड लावलं नाही. हरभरा भिजवून दिला, गूळ दिला. जनावरांचे डॉक्टर आले, वय झालं म्हणाले आणि गेले. आज सकाळी मी पोचलो तेव्हा तिच्या फासळ्या मोजता येत होत्या. मनात आलं, ही मरणार, आणि तेही मलाच लिहून कळवावं लागणार.

बाई म्हणाल्या, एकदा भिवाला पाठीवर बसवून बघू, अंगाला चाल मिळाली तर कदाचित तीही खाईल. कुबडीवाल्याला चढता यावं म्हणून मी लाकडी उतार करून घेतलेलाच होता. टांगेवाल्याचा मुलगा मी! नगिनाच्या पाठीवर जन्मात कुणी बसलेलं नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. भिवाचा भार पडला तशी ती थरथरायला लागली. उधळली नाही, लाथ मारली नाही. कान पाडून, मान वळवून मागे बघत राहिली. मागे टांगा नव्हता, आणि तिला तो सापडत नव्हता.

तेवढ्यात माझ्या पाठीमागून आवाज आला.

"उतरव त्याला. टांग्याची घोडी आहे ती. माणूस पाठीवर नाही, मागं लागतो तिला."

मी वळलो नाही. वळलो तर आवाज बंद होईल अशी भीती वाटली. बाईंनी माझा दंड धरला होता, त्यांच्या नखांच्या खुणा अजून आहेत. भिवा घोडीवरच्या घोडीवर तोंड उघडं टाकून बसलेला. भिवाचं तोंड उघडं आणि त्यात शब्द नाही, हे पहिल्यांदाच बघितलं, असं बाई नंतर म्हणाल्या.

रहिमान पुढे आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आणि तिला भिंतीकडं तोंड करून कुणी बांधली? सगळा जन्म स्टँडवर माणसांच्या घोळक्यात खाल्लंय तिनं. एकटी खाईल का ती?"

घोडं एकटं बांदू नको. तुमचं कार्ड माझ्या टेबलाच्या खणात होतं, आब्बा. मी ते वाचलं होतं, त्याला उत्तर दिलं होतं आणि खण लावून टाकला होता. आणि घरी दुसरा एक जीव पाच महिने भिंतीकडे तोंड करून बसला होता, त्याला मी डोंगराची खिडकी काढून देणार होतो.

भिवाला उतरवलं. रहिमानने नगिनाला खोल्यांपुढे आणली, जिथे आम्ही सगळे उभे होतो तिथे. टांग्यातून तुमचा जुना तोबरा काढला, त्यात चंदी भरली. तोबऱ्याची पट्टी कानांमागे चढवायला दोन हात लागतात. त्याने डाव्या हाताने तीनदा प्रयत्न केला, तीनदा ती घसरली. चौथ्या वेळी त्याने दातांनी टॉवेलची गाठ सोडली.

तो हात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्याच्याआधी नगिनाने पाहिला. तिने तो हुंगला, ओठ फिरवले, पुन्हा हुंगला. मग मान खाली आणली. इतकी खाली, की तिचं कपाळ रहिमानच्या छातीला टेकलं. आणि तशीच राहिली. डोळ्याशी माशी बसली तरी कान हलवला नाही. तो अंगठ्याने पट्टी धरत होता, सुटत होती, पुन्हा धरत होता. पाच दिवसांची उपाशी घोडी, तोंडाशी चंदी, आणि तिला कसली घाई नव्हती. हे तिला कुणी शिकवलं? तुम्ही शिकवलंत म्हणावं तर बोटं नसलेला हात तुम्हीही कधी तिच्यापुढे धरला नव्हता.

पट्टी चढली. नगिना खायला लागली. माळावर दुसरा आवाज नव्हता, फक्त तिच्या दातांखाली हरभरा फुटत होता. आम्ही सगळे ऐकत उभे होतो. मी काही नेमाने नमाज पढणारा माणूस नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण त्या वेळी पायांत चपला असणं मला बरं वाटेना. मी काढून ठेवल्या. बघतो तर बाईंनीही काढल्या होत्या.

इकबाल


भामेच्या काठावरून
रविवार, १६ मार्च १९८०

आब्बांना सलाम. उद्धवराव, हे पत्र खुशाल स्टँडवर वाचा. जोरात वाचा.

नवा नकाशा सोबत पाठवला आहे. यात पागा मधे आहे आणि खोल्या तिच्या तिन्ही बाजूंनी. खोलीच्या दाराला वर-खाली दोन झडपा, घोड्याच्या ठाणाच्या दारालाही तशाच, समोरासमोर. वरची झडप उघडली की पलंगावरच्या माणसाला घोड्याचं तोंड दिसतं आणि घोड्याला माणसाचं. मधे वीस पावलं. माश्यांचं बघू, शेण रोजच्या रोज लांब नेलं की झालं. लाकडी उतार तोच आहे, पण त्याचं दुसरं टोक आता टांग्याच्या पायरीला लागतं. ज्याला पाय नाहीत तोही सरकत सरकत लगामाशी जाऊन बसतो. बाईंनी विलायतेला पत्र लिहून कळवलं आहे, की आमच्याकडे माणसं घोड्याच्या मागे बसून बरी होतात.

ट्रस्टची माणसं येऊन गेली. त्यातले एक नकाशा बघून म्हणाले, "पहिल्या नकाशात इतका सुंदर डोंगर होता, तो कुठे गेला?" मी उत्तर जुळवत होतो, तोवर भिवा बोलला. "डोंगर काय पळून जातुय व्हय सायेब? पर त्यो आपली वाट बगत न्हाई. घोडी बगती." त्या गृहस्थांनी नकाशाची घडी घालून माझ्या हातात दिली. नंतर म्हणाले, बांधा.

तुम्हाला त्यांनी काय पाहिलं ते सांगायला हवं. सकाळी नदीवर धुकं असतं. भिवा मातीत बसून साजाचे बंद आवळतो, कारण दोन हात त्याच्याकडे आहेत. रहिमान उभा राहून दांड्या धरतो, कारण पाय त्याच्याकडे आहेत. दोघं मिळून एक टांगेवाला होतो. नगिना मधे उभी. भिवाची कुबडी तिच्या पोटाखाली पडली तर ती पाय उचलून जागच्या जागी धरते, कुबडी काढेपर्यंत. मग रहिमान डाव्या हातात लगाम घेतो, जिभेने तुमच्यासारखा टक् आवाज करतो आणि टांगा धुक्यात शिरतो. चाकांचा आवाज तेवढा ऐकू येत राहतो. रोज मी बघायला उभा राहतो. धुक्यातून आधी तिचे कान बाहेर येतात, मग भिवाचं बोलणं, मग माझा भाऊ.

हो, मी आता इथेच राहतो आहे. बांधकामावर माणूस लागतो असं साहेबांना सांगितलं.

रहिमान माझ्याशी बोलतो. सगळं नाही बोलत. ओव्हरटाइमचं मी एकदा त्याच्याजवळ काढलं, जे म्हणायचं होतं ते म्हटलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "खरारा दे इकडं." मी दिला. त्याने माझ्याकडे पाठ करून नगिनाचं अंग घासायला सुरुवात केली. तीन वर्षांपूर्वीचा एसटी स्टँड आठवला. मग थोड्या वेळाने त्याने मागे न बघता खरारा माझ्यापुढे धरला. म्हणाला, "पलीकडची बाजू तू कर."

नकाशात पागेच्या टोकाला एक खोली काढली आहे. तिचं दार थेट नगिनाच्या ठाणावर उघडतं. बाकी खोल्यांना आकडे आहेत, हिच्यावर मी काही लिहिलेलं नाही. इथे दोन घोडे आणखी येणार आहेत आणि आम्हा कुणालाच त्यातलं धड कळत नाही, हे तर तुम्ही बघितलंच आहे.

या वेळी रविवारी या, आब्बा. चहा घ्या.

उद्धवराव, आता थांबा. खालच्या ओळी माझ्या नाहीत. त्या लिहायला एकाला अख्खी दुपार लागली, तीन पेन्सिली मोडल्या आणि कागद दोन जागी फाटला आहे. त्या वाचू नका. आधी कागद उलटा करून आब्बांच्या हातात द्या.

आब्बा
नगिना खाते
मी पण